निळं पाणी

सकाळी ६.३०
नोव्हेंबरच्या मध्यावर कॅनडातल्या मिसिसागात साडेसहाला अंधारच असतो. गाडीच्या काचेवर बर्फाचा खरखरीत पापुद्रा. तो खरवडताना वाटलं, आज फोन वाजणार. रात्री पारा यंदा पहिल्यांदाच उणे आठवर गेला होता.

७.३०
गॅरेजचं शटर वर केलं तर बाहेर सहा गाड्या उभ्या. सगळ्यांना हिवाळी टायर घालायचेत. टायर लोकांना आठवतात, काचेवर मारायचं पाणी मात्र कुणाला आठवत नाही.

८.१५
आलाच फोन. पुण्याहून शिकायला आलेला मुलगा. "दादा, बटण दाबतोय तर नुसता घूंऽ आवाज येतोय. पाणी येतच नाही."
"मग दाबू नकोस रे बाबा, मोटर जळेल! काच फडक्यानं नीट पूस आणि सावकाश इकडे ये."

९.००
बॉनेट उघडून टाकीच्या तोंडातून बॅटरी मारली. आत बर्फाचं ढेकूळ.
"काय भरलं होतंस?"
"पाणी आणि थोडा शाम्पू. बाबा तेच भरतात."
त्याला काय बोलणार? कोल्हापुरात उद्यमनगरात असताना मीही गिऱ्हाइकांच्या गाड्यांत तेच भरत होतो, आणि तिथं ते चालतंही. इथं पाणी गोठताना फुगतं आणि टाकीला तडा पाडतं. याची टाकी वाचली होती. काही जण घाईनं उकळतं पाणी ओततात. ते काचेवर पडलं तर काच तडकते, आणि टाकीत ओतलं तर थोड्या वेळानं तेही गोठतं. आम्ही गाडी गॅरेजच्या उबेत सोडून दिली आणि टायरकडे वळलो.

११.००
बर्फ वितळला. पंपाची नळी उपसून खाली टब धरला. फेसासकट सगळं पाणी बाहेर आलं. ही पायरी लोक गाळतात. टाकी अर्धी भरलेली असते, त्यावरच हिवाळी पाणी ओततात. मग त्यातलं मिथेनॉल पातळ होतं, आणि कॅनवर उणे ४० लिहिलेलं असलं तरी टाकीतलं मिश्रण त्याच्या कितीतरी आधी गोठतं.

दुसरी चूक नळीची. टाकी रिकामी केली तरी टाकीपासून नोझलपर्यंतच्या बारीक नळीत जुनं पाणी राहतंच. म्हणून टाकी हिवाळी पाण्यानं भरल्यावर मुलाला बटण दाबायला बसवलं आणि मी काचेसमोर उभा राहिलो. आधी पांढरा फेस आला, मग फिकट पाणी, आणि मग एकदम निळीशार धार. "आता मागच्या काचेचं," मी म्हटलं. तिची नळी गाडीच्या पार शेवटापर्यंत जाते, त्यामुळे तिला वेळ लागतो.

१२.३०
पोळी-भाजी मायक्रोवेव्हमध्ये. दहा मिनिटं.

२.००
एक काकू विचारत आल्या, "निळं घेऊ की गुलाबी?" रंगाला अर्थ नाही, काकू; कॅनवरचा आकडा वाचा. उणे ४० ला सेल्सिअस आणि फॅरनहाइट एकच होतात, त्यामुळे त्यात तरी घोटाळा होत नाही. त्या कॅनवर कवटीचं चित्रही असतं. मिथेनॉल पोटात गेलं तर डोळे जातात, जीवही जातो. उरलेलं पाण्याच्या बाटलीत ओतून ठेवू नका, हे मी प्रत्येकाला सांगतो आणि सांगत राहणार.

५.१५
बाहेर काळोख. घरी जाताना ४०१ हायवेवर पुढच्या ट्रकच्या चाकांतून मिठाचं पाणी उडत होतं. वायपर फिरला की काचेवर पांढरट साय धरायची. एक फवारा मारला की दिसायचं, मिनिटभरानं पुन्हा तेच. गाडी नुकतीच सुरू केली असेल तर मात्र थांबा. काच गार असताना वेगात फवारलं तर मिथेनॉल आधी उडून जातं आणि उरलेलं पाणी डोळ्यांसमोर गोठतं. आधी काचेवर गरम हवा सोडा, मग बटण दाबा.

असे फवारे मारत गेलं की टाकी बघता बघता रिकामी होते. डिकीत एक भरलेला कॅन असू द्या, आणि तो उभाच ठेवा. मी एकदा आडवा ठेवला होता. झाकण झिरपलं आणि गाडीचा वास महिनाभर गेला नाही.