एदेन बागेतील आज्ञाभंग (लेखांक ६)

ख्रिस्ती धर्मातील माणसाच्या पतनाची कथा बायबलमधील ‘उत्पत्ती’ या ग्रंथाच्या तिसऱ्या अध्यायात येते. अध्याय अवघ्या २४ वचनांचा. बागेतल्या बाकी सर्व झाडांची फळे खायला आदाम आणि हव्वा यांना मोकळीक होती. मनाई होती ती एकाच झाडाची, बऱ्यावाइटाचे ज्ञान देणाऱ्या. सर्प आज्ञा मोडायला सांगत नाही. देवाने कुठल्याच झाडाचे फळ खायचे नाही असे सांगितले आहे का, एवढेच तो विचारतो. त्या एका प्रश्नाने मोकळीक नजरेआड होते आणि मनाई सलू लागते. उत्तर देताना हव्वा झाडाला शिवायचेही नाही, अशी एक अट स्वतःहून वाढवते. देवाच्या मूळ आज्ञेत ती नाही. मोह मनात कसा शिरतो, याचे इतके नेमके वर्णन विरळाच. फळ कोणते होते, हे कथेत सांगितलेले नाही; सफरचंद पुढे चित्रकारांनी रूढ केले. सर्प म्हणजे सैतान ही ओळखही नंतरच्या परंपरेची आहे.

आज्ञाभंगानंतर पहिली दिसते ती लाज. दोघे झाडांत लपतात. देव जाब विचारतो तेव्हा आदाम हव्वेकडे बोट दाखवतो, शिवाय ही स्त्री तूच दिलीस, असेही देवाला ऐकवतो. हव्वा सर्पाकडे बोट दाखवते. फळ खाण्याइतकीच ही टाळाटाळही बोलकी आहे. मग शिक्षा येते: कष्ट, वेदना, मृत्यू आणि बागेतून हकालपट्टी. पण बाहेर घालवण्यापूर्वी देव दोघांना चामड्याची वस्त्रे करून घालतो. घाईने वाचणाऱ्याच्या हातून हे वचन सहज निसटते. शिक्षा मागे घेतलेली नाही आणि माणसाला उघडेही टाकलेले नाही. ख्रिस्ती परंपरेतील दयेचा विचार पुढे याच वाटेने जातो.

संत पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्रात आदाम आणि ख्रिस्त यांना समोरासमोर उभे केले: एकाच्या अवज्ञेने पाप जगात आले, दुसऱ्याच्या आज्ञापालनाने तारण. संत ऑगस्टीनने त्यावर मूळ पापाची शिकवण उभारली. पूर्वेकडील ऑर्थोडॉक्स चर्चचा कल मात्र आदामाकडून माणसाला मर्त्यता मिळाली, त्याचा व्यक्तिगत दोष नव्हे, असे मानण्याकडे आहे. मोह होणे हे पाप नाही, यावर मात्र एकमत आहे. अरण्यात ४० दिवस उपास केल्यावर खुद्द येशूलाही तीनदा मोह घालण्यात आला आणि तिन्ही वेळा त्याने ‘अनुवाद’ या ग्रंथातील वचनांनी उत्तर दिले. पाप सुरू होते ते मोहाला रुकार दिल्यावर.

मराठी श्रोत्यांपुढे ही कथा पुराणाच्या रूपात आली. इंग्रज जेझुइट थॉमस स्टीफन्स १५७९मध्ये गोव्यात आले. त्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६मध्ये साष्टीतील रायतूर येथे रोमन लिपीत छापले गेले. सुमारे ११ हजार ओव्यांच्या या ग्रंथाचे दोन भाग आहेत: पहिल्यात सृष्टी, पतन आणि तारणाऱ्याची प्रतीक्षा, दुसऱ्यात येशूचे चरित्र. नव्या ख्रिस्ती लोकांची जुनी पुराणे सुटली होती, तेव्हा त्यांना ऐकायला दुसरे काही हवे होते. स्टीफन्स यांनी स्वर्गाला वैकुंठ म्हटले आणि कथा श्रोत्यांच्या शंका व गुरूची उत्तरे अशा रीतीने पुढे नेली. देवाच्या मनाईमागचे कारण विचारणाऱ्या श्रोत्याला ही रीत परकी वाटण्याचे कारण नव्हते. शांताराम बंडेलू यांनी संपादित केलेली देवनागरी आवृत्ती १९५६मध्ये पुण्यात निघाली.

पुण्याच्या शनिवार पेठेतील ‘स्नेहसदन’ ही जेझुइटांची संस्था या परंपरेचा अलीकडचा दुवा. फादर मॅथ्यू लेदर्ले यांनी येथे हिंदू-ख्रिस्ती संवादाचे काम केले. आधुनिक महाराष्ट्रातील तत्त्वविचारावरही त्यांनी ग्रंथ लिहिला. हेन्री डोरिंग यांनी १९०३मध्ये सुरू केलेले ‘निरोप्या’ हे मराठी मासिक पुढे येथून निघू लागले. वाड्यांच्या आणि देवळांच्या या पेठेत ख्रिस्ती दयेची मांडणी करताना ‘पतितपावन’ देवाची ओळख श्रोत्याला आधीच असते. हे सोयीचेही आहे आणि अडचणीचेही. पतिताला देव जवळ करतो, इथवर दोन्ही वाटा शेजारून जातात. पापाचा भार देवाने माणूस होऊन एकदाच, क्रुसावर, स्वतः सोसला, हा दावा मात्र ख्रिस्ती श्रद्धेचा स्वतंत्र आहे आणि तो सौम्य करून सांगितला तर शिकवणीचा कणाच जातो.

ही दया पदरी कशी पडते, याबाबत पंथांत फरक आहे. कॅथलिक माणूस धर्मगुरूपुढे पाप कबूल करतो. गोव्यात याला कुमसार म्हणतात. पश्चात्ताप, कबुली, धर्मगुरूने दिलेली क्षमा आणि सांगितलेले प्रायश्चित्त हे त्याचे घटक. राखेच्या बुधवारपासून ईस्टरपर्यंतच्या उपासकाळात या संस्कारावर विशेष भर असतो. बहुतेक प्रॉटेस्टंट पंथांत कबुली थेट देवापाशी होते, मध्यस्थ एकटा ख्रिस्त. पश्चात्तापाने क्षमा विकत घेता येत नाही, देव ती देऊन चुकला आहे आणि पश्चात्ताप करणारा तिच्याकडे परततो, हे दोन्हीकडे मान्य आहे. लूकच्या शुभवर्तमानातील उधळ्या पुत्राचा बापही मुलगा दूर असतानाच त्याला पाहून धावत जातो. मुलाने घोकून आणलेली माफी तो पुरती ऐकूनही घेत नाही.