फाउंटनच्या फूटपाथवरची अंतराळयानं

चर्चगेटला उतरून ओव्हल आणि क्रॉस मैदान यांच्यामधून वीर नरिमन रोडने फोर्टकडे निघालं, की मैदानं संपतात तिथे उजव्या हाताला जुन्या तारघराची दगडी इमारत लागते. तिच्या कडेच्या फूटपाथवर पुस्तकांच्या थप्प्या सुरू होतात. काही कमरेएवढ्या, काही छातीपर्यंत, वर दोरीने आवळलेली ताडपत्री. दर्शनी बाजूला स्पर्धा परीक्षांची गाईडं, मॅनेजमेंटची जाडजूड पुस्तकं आणि गाजलेल्या कादंबऱ्यांच्या पायरेटेड प्रती. चार पावलांवर १८६४ सालचं फ्लोरा फाउंटन आणि त्याच्या शेजारी संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातल्या हुतात्म्यांचं स्मारक. कोर्टाची, बँकांची, विमा कंपन्यांची माणसं दिवसभर इथून घाईने जात असतात. त्यातलाच एखादा एकदम थांबतो, बॅग दोन पायांत धरतो आणि थप्पीच्या तळाकडे वाकतो.

तळाकडे वाकणाऱ्यांत विज्ञानकथांची जुनी इंग्रजी पेपरबॅक पुस्तकं शोधणारी एक चिवट जमात आहे. मीही तिच्यातलाच. आमचं काम थप्पीच्या वरच्या थरावर कधीच होत नाही. पुस्तकवाले या प्रकाराला 'साय-फाय' म्हणतात, आणि विचारलं की हात खाली किंवा मागे दाखवतात.

ही पुस्तकं दुर्मिळ का झाली, हे त्यांच्या जन्मातच आहे. ती टिकण्यासाठी छापलीच नव्हती. अमेरिकेत ती औषधांच्या दुकानात, बसस्थानकावर, मासिकांच्या शेजारी तारेच्या फिरत्या स्टँडवर विकली जात. प्रवासात वाचायची आणि टाकून द्यायची. न खपलेल्या प्रतींचं फक्त कव्हर फाडून प्रकाशकाकडे परत पाठवायचं आणि उरलेलं पुस्तक लगद्यात घालायचं, असा तिथला व्यवहार. कागद स्वस्त लाकडी लगद्याचा, बांधणी शिलाईची नव्हे तर डिंकाची. आपल्याकडच्या कॉलेजांच्या ग्रंथालयांनीही ती साहित्य म्हणून घेतली नाहीत आणि विज्ञान म्हणूनही घेतली नाहीत. त्यामुळे मुंबईत गेल्या शतकातल्या विज्ञानकथेचा जो काही साठा वाचला, तो रद्दीवाले आणि फूटपाथवाले यांच्यामुळे वाचला. हे मी पूर्ण जबाबदारीने लिहितो आहे. ज्याला अभिलेखागार म्हणावं असं या साहित्याचं आपल्याकडे दुसरं काही नाही.

शोधताना आधी नाव वाचायचं नसतं, आकार आणि कणा बघायचा असतो. आजची इंग्रजी पेपरबॅक उंच आणि रुंद झाली आहेत. जुनं अमेरिकन पुस्तक जेमतेम सात इंच उंच आणि सव्वाचार इंच रुंद. नव्या पुस्तकांच्या थप्पीत ते आत दबलेलं असतं, म्हणून थप्पीच्या बाजूला जिथे खाच दिसते तिथे बोट घालायचं. पिवळाजर्द कणा दिसला तर काळजाचा ठोका चुकतो, कारण तो बहुधा 'डॉ' प्रकाशनाचा असतो. डोनाल्ड वॉलहाइम यांनी १९७१ साली आपल्याच नावाच्या आद्याक्षरांवरून हे प्रकाशन काढलं. त्यांच्या सुरुवातीच्या पुस्तकांचे कणे पिवळे आणि कव्हरवर छोट्या चौकटीत अनुक्रमांक. अनुक्रमांक दिला की जमवणारा माणूस झपाटला जाणारच, हे वॉलहाइम यांना नेमकं कळलं होतं.

त्याआधी ते 'एस बुक्स'चे संपादक होते, आणि या छंदातला सर्वांत हवाहवासा वाटणारा प्रकार तिथलाच. त्याला एस डबल म्हणतात. पुस्तक हातात घ्या. पुढे एक कव्हर, त्यावर लाल ग्रह आणि पळणारी माणसं. आता पुस्तक उलटं करा. मागे मलपृष्ठ नाहीच, तिथे दुसरंच कव्हर, दुसरा लेखक, दुसरी कादंबरी, आणि तीही पहिलीच्या मानाने खाली डोकं वर पाय. दोन्ही कादंबऱ्या मध्यावर येऊन एकमेकींना भेटतात. १९५२ ते १९७३ या काळात अशी जोडपुस्तकं निघाली. क्रमांकाआधीच्या अक्षरावरून किंमतही कळते: 'डी' म्हणजे ३५ सेंट, 'एफ' म्हणजे ४०. फिलिप के. डिक यांची पहिली प्रकाशित कादंबरी 'सोलर लॉटरी' १९५५ मध्ये अशीच डी-१०३ क्रमांकाखाली ली ब्रॅकेट यांच्या 'द बिग जम्प'च्या पाठीला पाठ लावून आली. ज्यांच्या कथांवर पुढे हॉलिवूडने सिनेमामागून सिनेमे काढले, त्या लेखकाची सुरुवात ३५ सेंटांच्या अर्ध्या पुस्तकाने झाली. ही प्रत फूटपाथवर मिळावी, हे माझं आजही पुरं न झालेलं स्वप्न आहे.

पण फाउंटनवर अमेरिकेपेक्षा इंग्लंड जास्त सापडतं. पँथर, कॉर्गी, स्फिअर, पेंग्विन ही तिथली प्रकाशनं. पँथरने काढलेल्या असिमोव्ह यांच्या पुस्तकांवर चित्रकार ख्रिस फॉस यांची रंगीत पट्ट्यापट्ट्यांची अवाढव्य यानं असतात. आतल्या कथेशी त्यांचा बहुतेक वेळा काही संबंध नसतो आणि तरी ती बघत राहावीशी वाटतात. पेंग्विनसाठी डेव्हिड पेलहॅम यांनी सत्तरच्या दशकात जे. जी. बॅलार्ड यांच्या पुस्तकांची कव्हरं केली. अर्धी बुडालेली, अर्धी गाडली गेलेली यंत्रं आणि त्यांच्यामागे विलक्षण रंगाचं आकाश. ही मालिका पूर्ण करायला माणसं वर्षानुवर्षं हिंडतात.

तिसरा प्रवाह मॉस्कोचा. मीर प्रकाशनाने सोव्हिएत विज्ञानकथा इंग्रजीत आणून भारतात अगदी स्वस्तात पोहोचवल्या. 'द मॉलिक्युलर कॅफे' हा १९६८ सालचा संग्रह त्यातला. पाश्चात्त्य संग्राहक ज्यासाठी बरेच पैसे मोजतो, ते आपल्याकडे अजूनही पदार्थविज्ञानाच्या उदाहरणसंग्रहांच्या गठ्ठ्यात चुकून सापडू शकतं. मीरचं नाव दिसलं की पुस्तकवाला ते अभ्यासाचं समजून तिकडे ठेवतो.

पुस्तक कुठून आलं हे पहिल्या पानावर कळतं. वांद्र्याच्या किंवा गिरगावातल्या बंद पडलेल्या सर्क्युलेटिंग लायब्ररीचा जांभळा शिक्का, आत परतीच्या तारखांचा चिकटवलेला कागद. कधी अमेरिकेतल्या एखाद्या गावच्या वाचनालयाने 'रद्द' असा छाप मारून काढून टाकलेली प्रत, जी परदेशातून वजनावर आलेल्या मालातून इथवर पोहोचलेली असते. कधी नुसती सही, साल आणि 'व्हीटी स्टेशन' एवढंच. अशी प्रत मी शिक्क्यासकट जपतो. कोरी प्रत कुठेही मिळेल, मुंबईत कुणी काय वाचलं याची नोंद मात्र या शिक्क्यांतच उरली आहे.

घेताना थोडी सावधगिरी हवी. पुस्तक पूर्ण उघडायचं नाही. साठ-सत्तर वर्षांचा डिंक काचेगत कडक झालेला असतो, कणा तडकला की पानं सुटी होतात. पानांच्या कडा तपकिरी असल्या तर चालतं, पण कोपरा दुमडल्यावर तुकडा हातात आला तर ते पुस्तक वाचायच्या पलीकडे गेलेलं असतं. कव्हर नसलेली प्रत फक्त वाचण्यासाठी घ्यावी. भाव बहुतेक जाडी आणि नवेपणा बघून ठरतो, त्यामुळे १९५५चं सडपातळ पुस्तक कालच्या फुगीर बेस्टसेलरपेक्षा स्वस्त मिळण्याची शक्यता असते. अर्थात सगळेच पुस्तकवाले असे नाहीत. जे पन्नास वर्षांपासूनचं गिऱ्हाईक ओळखून आहेत, त्यांना असिमोव्ह आणि हाइनलाइन या लेखकांतला फरक नीट कळतो.

जागा मात्र आकसत चालली आहे. २००५ मध्ये महापालिकेने इथल्या पुस्तकवाल्यांवर मोठी कारवाई केली, त्यानंतर फूटपाथ पूर्वीसारखा भरला नाही. धोबी तलावाजवळचं 'न्यू अँड सेकंडहँड बुकशॉप' बंद झालं. १९४८ पासून फोर्टच्या वाचकांना घडवणारं टी. एन. शानभाग यांचं 'स्ट्रँड बुक स्टॉल' २०१८च्या फेब्रुवारीत मिटलं. आता भुयारी मेट्रोचं हुतात्मा चौक स्थानक अगदी जवळ झालं आहे. येणं सोपं झालं, तेव्हा येणाऱ्यांनी पुस्तकवाल्यांसाठीही यावं असं मनापासून वाटतं.

आणि मराठी विज्ञानकथा? ती फाउंटनवर क्वचितच दिसते. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत जयंत नारळीकरांनी 'नारायण विनायक जगताप' या टोपणनावाने कथा पाठवली आणि तिला पहिलं बक्षीस मिळालं, हे आपल्याला ठाऊक असतं. पण 'यक्षांची देणगी'ची १९७९ची पहिली आवृत्ती किती जणांनी पाहिली आहे? भा. रा. भागवतांनी मराठीत आणलेला ज्यूल व्हर्न, 'नवल' आणि 'धनंजय'चे जुने दिवाळी अंक, हे इंग्रजी पेपरबॅकपेक्षाही लवकर रद्दीत जातं, कारण जपून ठेवण्यासारखं ते कुणाला वाटतच नाही. त्यासाठी पुण्याचा अप्पा बळवंत चौक, दादरचे रद्दीवाले आणि बंद होत आलेली गावोगावची वाचनालयं पालथी घालावी लागतात. मे २०२५ मध्ये नारळीकर गेले, तेव्हापासून त्यांच्या जुन्या आवृत्त्या विचारणारे तरुण मला वारंवार भेटतात.

आजोबांचं घर आवरताना कपाटातल्या पातळ, पिवळ्या पडलेल्या पुस्तकांवर रॉकेट किंवा ग्रह दिसला, तर ती वजनावर देऊ नका. एखाद्या संग्राहकाला कळवा, नाहीतर थेट फाउंटनला आणून द्या. शोधायला यायचं असेल तर सुट्टी नसलेल्या दिवशी दुपारी या, जेवणाची गर्दी ओसरल्यावर. पावसाळ्यात येऊ नका, ताडपत्री कुणी उघडत नाही. हवी असलेली नावं चिठ्ठीवर लिहून फोन नंबरसकट पुस्तकवाल्याकडे ठेवा. माल आला की ते बाजूला काढून ठेवतात, आणि महिन्याभराने का होईना, फोन करतात.