सीटखालची टाकी

कला शाखेच्या विद्यार्थ्याने मोटारीच्या टाकीवर लेख लिहावा, हे वार्षिकाच्या वाचकांना थोडे चमत्कारिक वाटेल. आमच्याकडून कविता, प्रवासवर्णन, फार तर एखादे व्यक्तिचित्र अशी अपेक्षा असते. परंतु ज्या गाडीत आपण बसतो तिचे इंधन नेमके कोणाच्या खाली साठविलेले आहे, हा प्रश्न काही एकट्या मिस्त्रीचा नाही. जुन्या पिकअप गाडीची टाकी मूळ जागेवरून काढून दुसरीकडे बसविण्याच्या कामात तो अगदी उघडा पडतो. म्हणून हा खटाटोप.

आपल्या भागात जुनी पिकअप म्हटली की ती पुष्कळदा मुळातली जीपच असते. मागचा भाग कापून तिथे पत्र्याचा हौदा बसविलेला असतो. तेव्हा सुरुवात जीपपासूनच करावी लागते. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या विलिस कंपनीने जी लष्करी जीप बनविली, तिची पेट्रोलची टाकी थेट चालकाच्या सीटखाली होती. सुमारे ५७ लिटर पेट्रोल तीत मावत असे. पेट्रोल भरायचे तर चालकाने उतरायचे, गादी उचलायची आणि गादीखालचे झाकण काढून ओतायचे. सांडले तर ते बसायच्या जागीच सांडणार! युद्ध संपता संपता, १९४५ साली, विलिसने हीच जीप नागरी बाजारात आणली. तेव्हा टाकी होती तिथेच ठेवली, पण भरण्याचे तोंड मात्र बॉडीच्या बाहेरच्या अंगाला काढले. सैनिकाला जे चालत होते ते शेतकऱ्याला चालणार नाही, एवढे कंपनीच्या ध्यानात आले असावे.

स्वातंत्र्यानंतर थोड्याच वर्षांत महिंद्र आणि महिंद्र कंपनीने मुंबईत विलिसच्या जीपची जुळणी सुरू केली. त्यातले उंच बॉनेटचे सीजे-३बी हे मॉडेल आपल्या देशात पुढे कित्येक वर्षे बनत राहिले. जिल्हाधिकाऱ्यांची जीप, गटविकास अधिकाऱ्यांची जीप, आरोग्य खात्याची जीप, अशी ही गाडी मराठवाड्यातल्या खेड्यांना प्रथम दिसली ती ‘साहेबाची गाडी’ म्हणून. पुढे सरकारी लिलावांतून ती सामान्यांच्या हाती आली. मग कोणी ती वडाप म्हणून चालविली, कोणी तिला हौदा चढविला. सीटखालची टाकी मात्र बहुतेक गाड्यांत जिथल्या तिथे राहिली.

ती तिथे ठेवण्यात मूळ आखणी करणाऱ्यांची काही चूक होती असे मला वाटत नाही. जीपची पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंतची लांबी अवघी ८० इंच. मागे माणसे आणि सामान, पुढे इंजिन. मधल्या जागेत टाकी ठेवली म्हणजे पुढून किंवा मागून धडक बसली तरी ती बरीच सुरक्षित राहते, वजन गाडीच्या मध्याशी राहते, आणि इंजिनापर्यंतची नळी आखूड राहते. तोटा एकच, पण तो मोठा आहे. माणूस आणि पेट्रोल यांच्यामध्ये गादी आणि पत्रा यांखेरीज काही नसते. माझे वडील काही वर्षे अशा जीपवर चालक होते. त्यांच्या कपड्यांना येणारा पेट्रोलचा वास आम्हाला घरात इतका सवयीचा झाला होता, की तो वास म्हणजे कुठेतरी गळती आहे, हे कोणाच्या मनातही येत नसे.

हे दुखणे केवळ जीपचे नव्हते. अमेरिकेत पिकअप ट्रकांची टाकी कित्येक वर्षे केबिनमध्येच, सीटच्या पाठीमागे उभी असे. जनरल मोटर्सने १९७३ च्या नव्या मॉडेलात ती केबिनबाहेर काढली. पण काढून बसविली कुठे? चेसिसच्या दोन लांब पट्ट्यांच्या आत नव्हे, तर बाहेर, दोन्ही कुशींना. त्यामुळे दोन टाक्यांची सोय झाली, इंधनही जास्त मावू लागले. परंतु बाजूने दुसरी गाडी येऊन आदळली तर चेसिसचा पोलादी पट्टा टाकीच्या रक्षणाला पुढे येणार नव्हता, कारण टाकीच त्याच्या पुढे होती. ही रचना १९८७ पर्यंत चालली. आगी लागून माणसे दगावल्याचे खटले झाले. नोव्हेंबर १९९२ मध्ये एका दूरचित्रवाणी कंपनीने अशी टक्कर करून दाखविली, आणि आग हमखास लागावी म्हणून गाडीखाली छोटी दारूकामाची नळकांडी लावून ठेवली. ते उघडकीस आल्यावर फेब्रुवारी १९९३ मध्ये त्या कंपनीला पडद्यावर माफी मागावी लागली. खऱ्या दोषाचा खोटा पुरावा देण्याचा हा प्रकार तर्कशास्त्राच्या तासाला उदाहरण म्हणून शोभेल. अखेर डिसेंबर १९९४ मध्ये सरकारशी तडजोड झाली. गाड्या परत बोलावल्या गेल्या नाहीत, त्याऐवजी कंपनीने पाच कोटी डॉलरहून अधिक रक्कम सुरक्षिततेच्या कार्यक्रमांसाठी देण्याचे मान्य केले.

या प्रकरणातून जुन्या गाड्यांच्या हौशी मंडळींनी एक धडा घेतला. टाकी हलवायची तर ती हौद्याखाली, चेसिसच्या दोन पट्ट्यांच्या मधोमध न्यावी. फार मागेही नेऊ नये. फोर्डच्या पिंटो या मोटारीची टाकी मागच्या ॲक्सलच्या पाठीमागे होती, आणि मागून धडक बसल्यावर ती फुटण्याच्या धोक्यामुळे १९७८ साली सुमारे पंधरा लाख गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलवाव्या लागल्या.

आता प्रत्यक्ष कामाकडे येऊ. टाकी म्हणजे पत्र्याचा डबा, चार बोल्ट सोडले की तो कुठेही नेता येतो, असा माझाही समज झाला असता. परंतु आमच्या गल्लीजवळच्या गॅरेजात गेल्या उन्हाळ्यात अशाच एका पेट्रोलच्या पिकअपचे काम निघाले आणि ते मी आठवडाभर पाहत होतो. टाकी हलविली की तिच्यामागून चार गोष्टी हलतात: भरण्याची नळी, हवेची नळी, इंजिनाकडे जाणारी नळी आणि काट्याची तार.

भरण्याची नळी तोंडापासून टाकीपर्यंत सतत उतरती असली पाहिजे. मध्ये कुठे झोळ पडला तर तिथे पेट्रोल साचून राहते आणि पंपावरची बंदूक भरताना सारखी खटकन बंद पडते. शिवाय बॉडी रबरी गादीवर बसलेली असते, चेसिस खाली वेगळे हलत असते. तोंड बॉडीला आणि टाकी चेसिसला असेल, तर मध्ये रबरी जोड हवाच. तोही पेट्रोल सोसणाऱ्या रबराचा. रेडिएटरचा पाईप कापून लावला तर तो काही दिवसांत फुगतो आणि मऊ पडतो.

हवेच्या नळीचे महत्त्व कोणीही न शिकता जाणतो. तेलाच्या डब्याला एकच भोक पाडले तर तेल गुडगुड करीत थांबून थांबून पडते, दुसरे भोक पाडले की धार लागते. टाकीचेही तसेच. पेट्रोल आत येताना हवेला बाहेर जायला वाट हवी, पेट्रोल संपत जाताना बाहेरची हवा आत यायला वाट हवी. ही दुसरी वाट बुजली तर गाडी काही मैल बरी चालते आणि मग आचके देऊन थांबते. झाकण उघडले की टाकी सुस्कारा टाकते आणि गाडी पुन्हा सुरू होते. अनेक चालक याला गाडीची लहर म्हणतात.

इंजिनाकडची नळी हा आपल्या हवामानात खरा कसोटीचा भाग. जुन्या इंजिनाचा पंप इंजिनालाच बसविलेला असतो आणि तो पेट्रोल ओढून घेतो. टाकी सीटखाली असताना ही ओढ थोडी होती, मागे गेल्यावर ती वाढली. ओढले जाणारे पेट्रोल दाब कमी झाल्यामुळे लवकर उकळते. त्यातच नळी सायलेन्सरजवळून नेली आणि वैशाखातले परळीचे ऊन असले, की नळीत वाफेचा बुडबुडा अडकतो आणि पंप रिकामाच मारीत राहतो. घाटात गाडी थांबवून पंपावर ओले फडके टाकणारे जुने चालक याच वाफेला थंड करीत असत. यावरचा नेटका उपाय म्हणजे टाकीशेजारी विजेचा पंप बसवून पेट्रोल मागून ढकलणे. मात्र इंजिन बंद पडताच तो पंपही बंद पडेल अशी जोडणी हवी. नाहीतर अपघातात नळी तुटली तरी तो बिचारा पेट्रोल रस्त्यावर ओततच राहील.

यांतले प्रत्येक काम हातचे आहे, शिकता येण्यासारखे आहे. वाद झाला तो भरण्याच्या तोंडावरून. पाश्चात्त्य हौशी मंडळी पुष्कळदा हे तोंड हौद्याच्या तळातच बसवितात, वर एक छोटे झाकण लावतात. बॉडीचा जुना पत्रा कापावा लागत नाही, नळी सरळ आणि आखूड होते, गाडीचे रूपही बिघडत नाही. आमच्या पिकअपच्या मालकांनाही तेच हवे होते. मिस्त्री ऐकेनात. ते एवढेच म्हणाले, “मालक, हौद्यात माणसं बसतात.”

माझ्या मते या विषयातला सर्वांत महत्त्वाचा मुद्दा त्या एका वाक्यात आला. अमेरिकेतल्या हौद्यात लाकूड, गवत, फार तर कुत्रा असतो. आपल्याकडच्या हौद्यात खुरपणीला निघालेल्या बाया, बाजाराला निघालेली घरे, तोडणीच्या हंगामात बिऱ्हाडासकट निघालेले मजूर असतात. मालवाहू गाडीत अशी माणसे भरणे कायद्याला मान्य नाही, हे खरे. ती भरली जातात, हेही तितकेच खरे. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड असते. ती वर उडून न जाता तळाशी पसरते, आणि हौदा म्हणजे तर तीन बाजूंना पत्रा आणि मागे फाळका असलेली परातच. त्यात कोणी विडी शिलगावली, किंवा स्वयंपाकाच्या सामानात धुगधुगता निखारा राहिला, तर काय होईल ते सांगायला नको. चालकाच्या खालचे पेट्रोल काढून मजुरांच्या पायांशी नेऊन ठेवले, तर त्याला सुधारणा का म्हणावे? सीटवर बसणारा एक असतो, आणि तो निदान झाकण कुठे आहे हे जाणतो.

टाकी हौद्याखाली नेऊच नये, असे माझे म्हणणे नाही. ती पट्ट्यांच्या मधोमध, ॲक्सलच्या पुढे, मजबूत पट्ट्यांनी आवळलेली आणि हौद्याच्या तळापासून बोटभर तरी सुटी असेल, तर ती सीटखालच्यापेक्षा बरी. पण तिचे तोंड हौद्याच्या बाहेर, कुशीच्या पत्र्यावर हवे, आणि हवेच्या नळीचे टोकही बाहेरच हवे. म्हणजे विलिसने १९४५ साली जे केले तेच, फक्त दोन हात मागे.

मिस्त्रींनी शेवटी मागच्या चाकाच्या पुढे, उजव्या कुशीला पत्रा कापला. जुनी टाकी गंजली होती. तिला झाळण लावून चालेल का, असे मालकांनी विचारले तेव्हा त्यांनी ती गॅरेजाबाहेर उन्हात नेऊन ठेवली आणि जवळ कोणाला फिरकू दिले नाही. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा वाईट, हे अनेकांना पटत नाही. भरलेल्या टाकीत पेट्रोल असते, हवा थोडी असते. रिकाम्या टाकीत वाफ आणि हवा यांचे मिश्रण असते, आणि पेट घेते ते मिश्रण. महिनाभर उघडी ठेवलेली टाकीसुद्धा सांध्यात मुरलेल्या थेंबामुळे वेल्डिंगच्या ज्योतीखाली फुटू शकते. म्हणून नवी टाकीच करून घेतली.

कायद्याचे थोडे सांगतो. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील निर्मात्याने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये या कलमाचा कडक अर्थ लावला. त्यामुळे कात्री चालविण्यापूर्वी अंबाजोगाईच्या परिवहन कार्यालयात जाऊन विचारणे शहाणपणाचे. या गाडीच्या मालकांनी तसे विचारून घेतले होते.

काम पुरे झाल्यावर पाच लिटर पेट्रोल घालून गाडी रात्रभर उभी ठेवली, खाली वर्तमानपत्र पसरून. सकाळी कागद कोरडा होता. मग टाकी काठोकाठ भरून अंबाजोगाईच्या रस्त्याने चढ-उतार केला आणि उतारावर पुन्हा सगळे सांधे हाताने चाचपले. एक गोष्ट तेवढी राहिली आहे. नव्या टाकीचा आकार वेगळा, तिच्या फ्लोटची दांडी वेगळी आणि काटा मात्र जुनाच. त्यामुळे टाकी अर्धी झाली तरी काटा पाऊण दाखवितो. जुळता फ्लोट मिळेपर्यंत मिस्त्रींनी एका बांबूच्या कामटीवर पाच-पाच लिटरच्या खुणा करून ती सीटच्या मागे अडकवून दिली आहे.