सेवेतून घडलेले अंतःकरण
ख्रिस्ती धर्मातील प्रेमाची संकल्पना आणि पंडिता रमाबाईंचा प्रवास

धर्म बदलणे आणि माणूस बदलणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिली एका दिवसात, एका विधीने पार पडू शकते. दुसरीला कित्येकदा संपूर्ण आयुष्य खर्ची पडते. ख्रिस्ती धर्मविचाराने या दुसऱ्या बदलाचा संबंध थेट शेजाऱ्यावरील प्रेमाशी जोडला आहे. हा संबंध नेमका कसा आहे, याचे मराठी समाजाला जवळचे असलेले उदाहरण म्हणजे पंडिता रमाबाई.

शेजारी कोण?

सर्व आज्ञांचे सार येशूने दोन आज्ञांत सांगितले. देवावर सर्वस्वाने प्रेम करावे आणि शेजाऱ्यावर स्वतःसारखे प्रेम करावे. त्यावर एका शास्त्रवेत्त्याने विचारले की, माझा शेजारी कोण? उत्तरादाखल येशूने एक दाखला दिला. वाटमारीत घायाळ होऊन पडलेल्या प्रवाशाला त्याच्याच धर्मातले याजक व लेवी टाळून गेले आणि यहुदी ज्यांना तुच्छ लेखत, त्या शोमरोनी समाजातल्या माणसाने त्याची शुश्रूषा केली. म्हणजे शेजारी हा नात्याने, जातीने वा गावकीने ठरत नाही. तो करुणेच्या कृतीने ठरतो.

नव्या करारातील ग्रीक भाषेत या प्रेमाला ‘अगापे’ असा शब्द आहे. मैत्रीतील जिव्हाळा किंवा आकर्षण यांहून तो निराळा आहे. समोरच्याची योग्यता न पाहता त्याचे हित इच्छिणारे आणि त्यासाठी स्वतः झीज सोसणारे प्रेम, असा त्याचा आशय आहे. हे प्रेम करून माणूस तारण विकत घेतो, असे मात्र ख्रिस्ती शिकवण मानत नाही. देवाने आधी प्रेम केले, म्हणून माणसाला प्रेम करता येते, असा तिचा क्रम आहे. प्रेम प्रथम स्वीकारायचे, मग द्यायचे, आणि देता देता देणाऱ्याचाच स्वभाव पालटत जातो, अशी ही प्रक्रिया होय.

फुलहॅममधील प्रश्न

रमाबाईंचा जन्म 1858 सालचा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी समाजाचा रोष पत्करून पत्नीला व मुलांना संस्कृत शिकवले. 1870 च्या दशकातील दुष्काळात आई-वडील गेले. भावासह पायी भारत हिंडलेल्या या तरुणीला 1878 मध्ये कलकत्त्याच्या विद्वानांनी ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. विवाहानंतर दोन वर्षांच्या आतच, 1882 मध्ये, पती बिपिनबिहारी मेधावी यांचे निधन झाले. लहानग्या मनोरमेला घेऊन रमाबाई पुण्यात आल्या, तेथे त्यांनी आर्य महिला समाज स्थापन केला आणि 1883 मध्ये त्या इंग्लंडला गेल्या.

वाँटेज येथील अँग्लिकन भगिनींकडे त्यांचा मुक्काम होता. त्या भगिनींनी त्यांना लंडनच्या फुलहॅम भागातील आश्रयगृह दाखवले. समाजाने ‘पतित’ ठरवलेल्या स्त्रियांची तेथे ममतेने देखभाल होत होती. ज्यांचे नावही कुलीन घरात उच्चारले जात नसे, त्यांच्यासाठी या भगिनी का झिजतात, असा प्रश्न रमाबाईंना पडला व तो त्यांनी विचारलाही. उत्तरात त्यांना योहानाच्या शुभवर्तमानातील शोमरोनी स्त्रीची कथा सांगण्यात आली. भर दुपारी विहिरीवर आलेल्या, पाच नवरे करून झालेल्या त्या स्त्रीकडे येशू पाणी मागतो. यहुद्यांचा व शोमरोन्यांचा एकमेकांशी व्यवहार नसे. पाणवठ्यावरून माणसांची प्रतवारी लावण्याची रीत ठाऊक असलेल्या मराठी वाचकाला या मागण्याचे मोल वेगळे सांगावे लागत नाही.

या अनुभवाने त्या ख्रिस्ती धर्माकडे ओढल्या गेल्या, असे रमाबाईंनी पुढे आपल्या आत्मनिवेदनात नमूद केले आहे. 29 सप्टेंबर 1883 रोजी त्यांनी मुलीसह बाप्तिस्मा घेतला. तर्काने वादसभा जिंकलेल्या या विदुषीला वळवले ते कोणत्या युक्तिवादाने नव्हे, तर डोळ्यांनी पाहिलेल्या प्रेमाने. तरीही त्यांनी आपली बुद्धी गहाण टाकली नाही. धर्ममतांवर त्या वाँटेजच्या भगिनींशी पत्रांतून निकराने वाद घालत राहिल्या आणि सदसद्विवेकाचे स्वातंत्र्य त्यांनी सोडले नाही.

बाप्तिस्म्यानंतरचा बदल

आत्मनिवेदनातील दुसरी कबुली अधिक मोलाची आहे. बाप्तिस्म्यानंतर कितीतरी वर्षे आपल्याला ख्रिस्ती धर्म गवसला होता, पण ख्रिस्त गवसला नव्हता, अशा आशयाचे त्या लिहितात. ती आंतरिक शांती 1890 च्या दशकाच्या आरंभी लाभल्याचे त्या सांगतात. त्यांच्या कार्याची व्याप्तीही याच काळापासून बदलत गेलेली दिसते.

11 मार्च 1889 रोजी मुंबईत सुरू झालेले आणि पुढच्या वर्षी पुण्यात आलेले ‘शारदा सदन’ मुख्यतः उच्चवर्णीय विधवांसाठी होते. तेथे जातीचे आचार पाळण्याची मुभा होती. 1896-97 च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या. स्वतः दुष्काळाची उपासमार भोगलेली असल्याने त्या मुलींच्या डोळ्यांतली भूक त्यांना परकी नव्हती. शेकडो मुली त्यांनी केडगावला आणल्या. त्यांत नाना जातींच्या मुली होत्या. 1900 च्या गुजरातमधील दुष्काळानंतर ही संख्या दोन हजारांच्या घरात गेली. ‘मुक्ती सदना’त विणकाम, छपाई, शेती असे उद्योग शिकवले जात; अंध मुलींसाठी ब्रेलची सोय होती. आणि ज्या स्त्रियांना कोणीच दारात उभे करत नसे, त्यांच्यासाठी तेथे ‘कृपा सदन’ उभे राहिले. फुलहॅममध्ये विचारलेल्या प्रश्नाला रमाबाईंनी दिलेले हे स्वतःचे उत्तर होते. आपल्यासारख्यांच्या दुःखापासून सुरू झालेले प्रेम, आपल्याहून सर्वस्वी वेगळ्या असणाऱ्यांपर्यंत पोहोचले होते.

आक्षेप आणि कसोटी

या प्रवासावर आक्षेपही होते. 1893 मध्ये शारदा सदनातील मुलींवर ख्रिस्ती प्रभाव टाकला जातो, या कारणावरून पुण्यात वादळ उठले. ‘केसरी’ने टीकेची झोड उठवली; न्या. रानडे व डॉ. भांडारकर यांच्यासारखे हितचिंतक सल्लागार मंडळातून बाहेर पडले. अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. प्रार्थनेला यायची कोणावर सक्ती नाही, पण यायचे म्हणणाऱ्याला दार बंदही करणार नाही, अशी रमाबाईंची भूमिका होती. असहायाला आधार देताना त्याच्या श्रद्धेवर दडपण येते का, हा प्रश्न तेव्हा गैरलागू नव्हता, आजही नाही.

गंमत अशी की, हीच कसोटी ख्रिस्ती धर्मग्रंथही लावतो. सर्वस्व दान केले, पण प्रीती नसेल तर ते व्यर्थ, असा संत पौलाच्या शिकवणीचा आशय आहे. सेवेत संख्येचा, कीर्तीचा किंवा जिंकण्याचा हिशेब शिरला, की ती प्रीती उरत नाही. म्हणूनच प्रेमाने सर्वप्रथम पालटायचे असते ते प्रेम करणाऱ्याला; ज्याची सेवा केली तो बदललाच पाहिजे, अशी अट त्यात नसते.

मनोरमेचा मृत्यू 1921 मध्ये झाला. त्याही अवस्थेत रमाबाईंनी साध्या मराठीतील बायबलच्या अनुवादाचे काम तडीस नेले आणि 5 एप्रिल 1922 रोजी त्यांनी केडगावात देह ठेवला. मुक्ती मिशनचे कार्य तेथे आजही सुरू आहे. रमाबाईंच्या धर्मांतराविषयी मतभेद राहतील. परंतु पदव्यांनी गौरवलेली ती पंडिता अखेरीस निराधार मुलींची आई झाली, हा बदल त्यांच्या टीकाकारांनाही नाकारता येण्यासारखा नाही.