चाकाल्तायाचें हिम

पायांना लांब पट्ट्या बांधून हिमाच्या उतारावरून घसरत जाण्याच्या खेळास ‘स्की’ म्हणतात. अशा खेळासाठीं जागा जितकी उंच तितकी ती चांगली, असा सामान्य समज आहे. तो किती अपुरा आहे, हें बोलिव्हिया देशांतील चाकाल्ताया पर्वतावर दिसून आलें.

ला पाझ शहराजवळील या पर्वतावर, सुमारें ५,३०० मीटर उंचीवर, १९३९ सालीं मोटारीच्या इंजिनानें ओढला जाणारा दोर बसविण्यांत आला. तो धरून खेळाडू उतार चढत. हवा इतकी विरळ, कीं नवख्यास चार पावलांत धाप लागे. तरीहि लोक येत.

परंतु हा खेळ एका लहानशा हिमनदीवर चाले. उष्णतामान वाढलें, हिम वितळलें आणि खालचा काळसर खडक उघडा पडला. शुभ्र हिम ऊन परतवितें, खडक तें शोषून घेतो. म्हणून उरलेलें हिम अधिकच वेगानें वितळलें. २००९ सालीं हिमनदी नाहींशी झाली.

खेळाडूंना दुसरे पर्वत आहेत. ला पाझच्या रहिवाशांची गोष्ट मात्र वेगळी. कोरड्या ऋतूंत त्यांच्या पाण्याचा कांहीं भाग आसपासच्या अशाच हिमनद्यांतून येतो.