काकूंचा प्रश्न आणि वायफाय कॉलिंग

आमचं गाव अकोले तालुक्यात, राजूरच्या पुढे भंडारदऱ्याच्या बाजूला. डोंगराच्या आड असल्यामुळे घरात मोबाईलला रेंज नाही. फोन करायचा तर टेकाडावर जायचं. घरी फायबर आलं तेव्हा मी आईच्या फोनमध्ये 'वायफाय कॉलिंग' चालू करून दिलं आणि तिचा नेहमीचाच नंबर स्वयंपाकघरात वाजायला लागला. शेजारच्या काकूही आता आमच्या ओट्यावर बसून फोन घेतात. परवा त्यांनी विचारलं, "का गं, मी बँकेच्या माणसाशी बोलते ते तुम्हाला ऐकू जातं का?"

प्रश्न साधा वाटतो, पण यावर चांगलं संशोधन झालंय.

आधी हे चालतं कसं ते बघू. भारतात एअरटेलने डिसेंबर 2019 मध्ये आणि जिओने जानेवारी 2020 मध्ये ही सोय आणली. हा व्हॉट्सअ‍ॅप कॉल नाही. तुमचा फोन इंटरनेटवरून कंपनीच्या 'ईपीडीजी' नावाच्या सर्व्हरकडे जातो. त्याला कंपनीच्या नेटवर्कचा दरवाजा समजा. त्याचा पत्ता देश आणि कंपनीच्या कोडवरून बनतो (भारताचे कोड 404 आणि 405), म्हणजे तो गुप्त नसतो. दरवाजाशी फोन आणि सर्व्हर मिळून डिफी-हेलमन पद्धतीने एक गुप्त किल्ली ठरवतात. मग सिमकार्ड ओळख पटवतं आणि 'आयपीसेक' बोगदा तयार होतो. कॉल त्यातून जातो. आमच्या राउटरला एवढंच कळतं की काहीतरी कंपनीकडे चाललंय. त्यामुळे काकूंना उत्तर: नाही, ऐकू जात नाही.

पण किल्लीच कच्ची असेल तर?

2024 च्या युझनिक्स सिक्युरिटी परिषदेत ऑस्ट्रिया आणि जर्मनीतल्या संशोधकांनी नेमकं हेच तपासलं. त्यांची युक्ती मला फार आवडली. किल्ली ठरवण्याची पायरी ओळख पटवण्याच्या आधी येते, म्हणजे तिथपर्यंत पोचायला सिम लागतच नाही. त्यांनी जगभरच्या दरवाजांवर टकटक केली आणि सर्व्हर काय उत्तर देतात ते नोंदवलं. उत्तरातली संख्या दर वेळी नवी यायला हवी. पण 13 कंपन्यांच्या सर्व्हरवर त्याच त्या दहा खासगी किल्ल्या फिरत होत्या! या कंपन्यांचे ग्राहक सुमारे 14 कोटी. ज्याच्याकडे त्या किल्ल्या आहेत आणि जो वाटेत बसलाय, त्याला बोगदा उघडता आला असता. संशोधकांनी आधी संबंधितांना कळवलं, मग प्रसिद्ध केलं. हा क्रम सुरक्षेवर काम करणाऱ्यांनी आत्ताच अंगवळणी पाडावा.

बोगद्यात दोष नव्हता, तो राबवताना झाला होता. मानक वाचून "हे सुरक्षित आहे" असं लिहिणारे प्रबंध खूप असतात (माझ्याही पहिल्या मसुद्यात ते वाक्य होतं, गाइडने लाल पेनने खोडलं). प्रत्यक्ष सर्व्हर काय करतो ते मोजलं की गोष्ट बदलते.

तुम्हालाही करून बघता येईल. फोन एअरप्लेन मोडवर टाका, फक्त वायफाय चालू ठेवा आणि कॉल लावा. लागला, तर तो वायफायवरूनच गेला. लॅपटॉपचा हॉटस्पॉट करून त्याला स्वतःचाच फोन जोडा आणि वायरशार्कमध्ये यूडीपी 500 आणि 4500 पोर्ट पाहा. पहिल्या एक-दोन पॅकेटमध्ये किल्लीची देवाणघेवाण उघडी दिसेल, पुढे सगळं सांकेतिक.

काकूंना हे सगळं सांगून झाल्यावर त्या म्हणाल्या, "बरं, आणि लाइट गेली की?"

राउटर बंद, फोन बंद. मग पुन्हा टेकाड.