दवबिंदूत उलटा पळस

माघ सरत आला, की पहाटेचे दव कमी कमी होत जाते आणि तिकडे पळस फुलू लागतो. जाणारा शिशिर आणि येणारा वसंत एकाच छायाचित्रात पकडता येतील का? येतील; मात्र त्यासाठी थोडे प्रकाशशास्त्र जाणून घ्यायला हवे.

निरभ्र रात्री गवताची पाती उष्णता उत्सर्जित करून थंड होतात. त्यांचे तापमान दवांकाखाली गेले, की हवेतील बाष्प त्यांवर थेंबांच्या रूपाने साठते. असा प्रत्येक गोल थेंब म्हणजे एक बहिर्वक्र भिंगच! पाण्याचा वक्रीभवनांक सुमारे १.३३ असल्यामुळे या भिंगाचे नाभीय अंतर, केंद्रापासून मोजल्यास, त्रिज्येच्या दुप्पट भरते. थेंबाचा व्यास २ मि.मी. असेल, तर पलीकडच्या पळसाची उलटी प्रतिमा थेंबाच्या आत नव्हे, तर त्याच्यापुढे १ मि.मी. अंतरावर, कॅमेऱ्याच्या बाजूला तयार होते. म्हणूनच थेंबाच्या कडेवर फोकस केला, तर पळस अस्पष्ट येतो. फोकस न बदलता कॅमेरा २ मि.मी. मागे घ्या; प्रतिमा रेखीव होईल. मोबाइलच्या कॅमेऱ्यापुढे साधे भिंग धरले, तरी चालते.

कोवळे ऊन आधी पळसाच्या शेंड्यावर पडते, तेव्हा खालचे गवत सावलीतच असते. तीच वेळ साधा. ऊन गवतावर उतरले, की थेंब वाळू लागतात.

आता एक गणित. १० मीटर अंतरावरच्या ६ मीटर उंच पळसाची या थेंबाने केलेली प्रतिमा सुमारे १.२ मि.मी. उंच असते. कशी, ते तुम्हीच काढून पाहा!